पांढरपंख्याच्या अटी

पांढरपंख्याचा जन्म कापसाच्या खोलीत झाला, आणि तेव्हा त्याला उडण्यासाठी एकही अट नव्हती. अटी मागाहून आल्या. त्या सगळ्या रूपालीने घातल्या.

रूपाली भैंशाची. बाजारात वडिलांचं किराणा दुकान, मागे घर, आणि समोरच्या रस्त्यावरून हंगामभर जिनिंग मिलकडे जाणारे कापसाचे टेम्पो. टेम्पोतून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून राही. माघ महिन्यात त्या बाभळी पाहिल्या की वाटे, काट्यांनाच फुलं आली आहेत. लहानपणी रूपाली दुकानाच्या पायरीवर बसून ती झाडं बघत राही. एखाद्या दिवशी जोराचा वारा सुटेल आणि ही झाडं अलगद उठून निघून जातील, असं तिला वाटायचं. मग लगेच धास्ती वाटायची, की झाडं गेली तर पाखरं बसतील कुठं.

धास्ती हा तिचा स्वभावच होता. आदिलाबादच्या कॉलेजात बी.ए. करताना ती बसच्या दाराजवळच्या सीटवर कधी बसली नाही. लग्न होऊन तलमडुगुजवळच्या या गावात आली आणि रविकांतच्या मोटारसायकलवर मागे बसली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने त्याचा शर्ट असा घट्ट धरला की घरी येईपर्यंत त्याची बटणं तुटली. रविकांत हसत होता.

"तुले भेव तरी कायचं वाट्टे?" त्याने विचारलं.

रूपालीने विचार करून खरं ते उत्तर दिलं, "अजून ठरलं नाई."

लेक तेजस्विनी झाली आणि ते ठरलं.

सासरच्या घरात कापसाची वेगळी खोली होती. कापूस रस्त्याने जातो हे रूपालीला ठाऊक होतं. तो घरात राहायला येतो हे इथे कळलं. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की जुन्या लुगड्यांच्या गाठोड्यांतून कापूस घरी येई आणि मधल्या घराशेजारच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत पडे. आधी गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा. मग तो दाराला आतून रेटू लागे आणि दार उघडायचंच बंद होई. त्यानंतरची वाट वरून. मधल्या घरातून शिडी चढायची, भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून पलीकडे माळ्यावर उतरायचं. माळा म्हणजे भिंतीत रोवलेल्या दांड्यांवर टाकलेल्या फळ्या. तिथून गाठोडं खाली रिकामं करायचं. पण तेवढ्याने भागत नाही. कापूस फुगतो. तो तुडवला तर खोलीत जास्त मावतो. मोठ्यांचे पाय रानात दमून आलेले असत, म्हणून तुडवणं लेकरांकडे. गावातल्या घरोघरी लेकरं माळ्यावरून कापसात उड्या टाकत, भिंतीतल्या खोबण्यांत पाय रोवून परत वर चढत, आणि हा खेळ आहे की काम, हे कोणी विचारत नसे.

"जाय व तेजू, तुडव जरासा," रूपालीच्या सासूबाई, कुसुमबाई, चुलीपुढून सांगत. तेजू शिडीवर असायची ती तेवढ्यात माळ्यावर.

रूपाली खाली शिडी धरून उभी राही. पलीकडून धप्प असा मऊ आवाज येईपर्यंत तिचा श्वास अडकलेला असे. आवाज आला की श्वास सुटे. पुढच्या उडीला पुन्हा अडके.

*

तेजू सहा वर्षांची असताना तिला ताप आला आणि ती कापसाच्याच खोलीत निजायचा हट्ट धरून बसली. थंडीचे दिवस होते, कापूस कमरेएवढाच असल्याने दार अजून उघडत होतं, आणि कापसात ऊब असते. रूपालीने कापसावर जाड चादर अंथरली, म्हणजे अंगाला खाज यायला नको, आणि लेकीला कुशीत घेऊन दुपारभर तिथे पडून राहिली. झरोक्यातून उजेडाचा एक पट्टा येत होता आणि त्यात बारीक तंतू तरंगत होते. ते खालीही येत नव्हते, वरही जात नव्हते.

"आई, यायले कोन धरून ठेवते?" तेजूने विचारलं.

आणि रूपालीच्या तोंडून तो निघाला. तिने काही ठरवलं नव्हतं. तापलेल्या लेकराला झोप यावी म्हणून आई जे काही बोलते, तसं ती बोलत गेली.

एक होता राखणदार. ज्वारीच्या वावरात मचाणावर बसून पाखरं हाकायची, हे त्याचं काम. मालकाने हातात गोफण दिलेली. पण पाखरांवर गोफण चालवायची म्हटलं की त्याचा हात जड व्हायचा. तो गोफण फिरवायचा आणि दगड मात्र मोकळ्या आभाळात सोडायचा. पाखरांना ते कळलं. ती कणसं खात, पण थोडी खात, आणि जाताना प्रत्येक पाखरू मचाणावर एकेक पीस टाकून जाई. चिमण्यांची, पोपटांची, साळुंक्यांची. मालकाने एक दिवस अर्धी खाल्लेली कणसं पाहिली आणि राखणदाराला काढून टाकलं. तो आपली पिसं धोतराच्या सोग्यात बांधून निघाला. थंडी फार होती. वाटेतल्या एका घरात कापसाची खोली उघडी दिसली, तो जाऊन झोपला. झोपेत गाठ सुटली. सकाळी उठला तर पिसं खांद्यांना चिकटलेली आणि पिसांना कापूस. तो दाराबाहेर आला, अंग झटकलं, आणि त्याचे पाय जमिनीवरून सुटले.

"त्याचं नाव काय?"

"पांढरपंख्या," रूपाली म्हणाली.

"मंग तो पडत नाई?"

रूपालीने लेकीच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ भाजत होतं. "पडला तरी काई होत नाई त्याले," ती म्हणाली. "तो जिथं पडन, तिथं खाली कापूस येते."

तेजूला झोप लागली. त्या खोलीतला पिवळा उजेड, तरंगणारे तंतू, लेकीच्या श्वासाची लय, यात रूपालीलाही डुलकी लागली. स्वप्नात तिला भैंशाच्या बाभळी दिसल्या. त्या एका ओळीत आभाळातून चालल्या होत्या, आणि तिला त्या वेळी कशाचीच भीती वाटत नव्हती.

*

तेजू लिहायला लागली तसं पांढरपंख्याचं कॉमिक निघू लागलं. कागद कृषी दुकानातून यायचा. बियाण्याच्या कंपन्या मोठाली पोस्टरं वाटतात. पुढे गुळगुळीत आणि पाठीमागे कोरी. रविकांत ती घेऊन येई, रूपाली कापून सुई-दोऱ्याने शिवून देई, आणि तेजू जमिनीवर पालथी पडून चौकटी आखत बसे. त्यामुळे पांढरपंख्याच्या प्रत्येक साहसाच्या पाठीमागे एक छापील, टपोरं बोंड असायचं. उजेडात धरलं की ते बोंड अलीकडे उमटायचं आणि असं वाटायचं, तो त्यातूनच उडत बाहेर येतो आहे.

त्याच्या शक्ती वाढत गेल्या. त्याला सगळ्या पाखरांची बोली समजे. तो पंख मिटून वाऱ्यावर पालथा झोपू शके. कोणाच्या वावरात रानडुकरं शिरली तर तो वरून गोफण फिरवी, आणि गोफणीच्या नुसत्या आवाजाने डुकरं बेज्जूरच्या जंगलापर्यंत पळत सुटत. त्याने विहिरीत पडलेली शेळी काढली. शाळेवर वीज पडणार होती ती पंखात झेलून तळ्यात विझवली. दुष्टांना तो मारत नसे. उचलून नेऊन उंच चिंचेवर बसवी आणि म्हणे, आता उतर.

शाळेत ते कॉमिक हातोहात फिरलं. तेलुगू शिकवणाऱ्या बाईंनी ते चाळलं आणि त्याला तेल्ल रेक्कलोडु, म्हणजे पांढऱ्या पंखांचा, असं नाव दिलं. तेजूची मैत्रीण नेहा म्हणाली, त्याला तलवार हवी. तेजू नाही म्हणाली. ज्याच्या खाली आपोआप कापूस येतो, त्याला तलवार काय करायची?

ती शक्ती सगळ्यांत मोठी. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी पांढरपंख्या थकून डोळे मिटी, पंख सैल सोडी आणि पडे. खाली दगड असो, काटे असोत, पैनगंगेचं पात्र असो, शेवटच्या चौकटीत कापूस असे आणि त्यात तो निजलेला असे.

तेजूही तशीच उडी टाकू लागली होती. शिडीवरून झरोक्यात, झरोक्यातून माळ्यावर, खांद्याला बांधलेली पांढरी ओढणी पसरायची, डोळे मिटायचे आणि सैल सुटायचं. रूपाली शिडीपाशी उभी राहून ऐकायची. धप्प.

*

तेजू नऊ वर्षांची होती, शनिवार होता. सकाळी ती शाळेत गेली आणि त्यानंतर टेम्पो आला. भैंशाला भाव बरा निघाला म्हणून रविकांतने आदल्या दिवशी ठरवलं होतं; घाई होती. माणसांनी कापसाच्या खोलीचं दार रेटून रेटून उघडलं, सगळा कापूस भरला, आणि कुसुमबाईंनी खोली झाडून राहिलेल्या बोळ्यांचा एका कोपऱ्यात ढीग केला. मग दार सवयीने ओढून घेतलं. हंगामात ते दार बंदच असतं.

शनिवारची शाळा सकाळची. तेजू दुपारच्या आत घरी आली. रूपाली अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत होती. तेजूने दप्तर ओसरीवर टाकलं, ओढणी खांद्याला बांधत आत गेली. रूपालीने तिला जाताना पाहिलं. पाहिलं आणि हातातलं काम चालू ठेवलं, कारण रोजच ती तशी जायची, आणि खोली रिकामी झाली आहे हे रूपालीला माहीत असूनही त्या घटकेला तिच्या मनात कापूस होताच. इतक्या दिवसांचा तो तिथे होता.

मग आवाज आला. तो धप्प नव्हता.

रूपाली दाराशी पोचली आणि दार साध्या हाताने उघडलं, याचाच तिला धक्का बसला. तेजू मोकळ्या जमिनीवर बसली होती. एक पाय भलत्या बाजूला होता. ती रडत नव्हती. आश्चर्य वाटल्यासारखी आजूबाजूला पाहत होती.

"आई," ती म्हणाली, "कापूस आला नाई."

*

पाय गुडघ्याखाली मोडला होता. आदिलाबादच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं, लेकराचं हाड आहे, नीट जुळेल, काळजी करू नका. शेवटचं वाक्य रूपालीने ऐकलंच नाही.

तेजू ओसरीवरच्या बाजेवर पडून असायची. मांडीवर पाट, पाटावर कागद. पहिल्याच दिवशी रूपाली तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "पांढरपंख्याचं एक सांगाचं राह्यलं तुले. तो उडाच्या आधी डोळे उघडून खाली पाह्यते."

"आधी तर मिटत होता."

"आता पाह्यते."

तेजूने ते लिहून घेतलं. ती अट बरोबर होती, आणि तिथे थांबायला हवं होतं. पण प्लास्टरकडे नजर गेली की रूपालीला आणखी काहीतरी सुचे. पांढरपंख्या विजेच्या तारांजवळ जात नाही. विहिरीवरून उडत नाही. अंधार पडायच्या आत घरी येतो. पंख ओले असले तर निघत नाही. कुत्री असतील त्या गल्लीत उतरत नाही. जेवल्याशिवाय उडत नाही, आणि जेवल्यावर लगेचही नाही. एकटा कुठे जात नाही.

"मंग कोनासोबत जाते?" तेजूने विचारलं.

"घरच्यासोबत."

"घरच्यायले पंख हायेत?"

"नाई."

तेजू थोडा वेळ पेन्सिल चावत राहिली. मग तिने चौकट काढली. पांढरपंख्या रस्त्याने चालला आहे, पंख घडी करून काखेत धरले आहेत, आणि सोबत एक आजी पिशवी घेऊन.

रविकांतने ते पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. "आता त्याले हेल्मेट बी घाल," तो रूपालीला म्हणाला.

तेजूने बापाचं बोलणं खरं धरलं. पुढच्या चौकटीपासून पांढरपंख्याच्या डोक्यावर हेल्मेट आलं.

नेहा भेटायला यायची. तिने नवे भाग वाचले आणि तोंड वाकडं केलं. "हा काई करतच नाई व. नुसता इचारते, जाऊ का, जाऊ का. आमच्या अंगनवाडीतल्या पोट्ट्यावानी झाला."

"त्याले अटी हायेत," तेजूने समजावलं.

"कोनं घातल्या?"

रूपाली आत भाकरी थापत होती. तिने ते ऐकलं आणि भाकरी जरा जोरात थापली.

*

प्लास्टर निघालं. पाय सरळ होता. डॉक्टर म्हणाले, धावू द्या, खेळू द्या. रूपालीने मान हलवली आणि घरी येऊन शिडी गोठ्यात नेऊन ठेवली.

पण शिडी लपवायची गरजच नव्हती, हे तिला पावसाळ्यात हळूहळू कळलं. तेजू ओसरीच्या दोन पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावायची. चिखलातून चालताना आधी उभी राहून बघायची, मग पाय टाकायची, मग पुन्हा उभी राहायची. शाळेच्या वाटेवरच्या ओढ्यात पाणी घोट्याएवढंही नसायचं. बाकीची लेकरं उडवत जायची आणि ती पुलावरून वळसा घालून यायची. घरी आली की सांगायची, "आई, मी पुलावरून आली." रूपाली म्हणायची, शहाणी माझी बाय.

इतकी वर्षं तिने देवापुढे हात जोडून हेच मागितलं होतं. पोरीने जपून राहावं. आता पोरगी जपून राहत होती, आणि रूपालीला तिच्याकडे पाहवत नव्हतं. तेजूच्या चालण्यात तिला स्वतःचं चालणं दिसू लागलं होतं. कोणत्याही बसमध्ये दारापासून लांब बसणारी मुलगी.

दिवाळीच्या सुमाराला शेजारच्या गोंड गुड्यातले, म्हणजे पाड्यावरचे, दंडारीचे नाचणारे गावातून गेले. डोक्यांवर मोरपिसांचे घेरदार टोप, पायांत घुंगरं, आणि ढोलाच्या ठेक्यावर ते टोप असे हलत होते, की वाटावं, कोणी तरी उडता उडता जमिनीवर उतरलंय आणि अजून पुरतं टेकलं नाही. सगळी लेकरं मागे पळाली. नेहा ओरडत गेली, "तेजू, चाल ना." तेजू ओट्यावर उभी राहिली. तिच्या टाचा नाचाबरोबर उचलत होत्या, इतकंच. नाचणारे वळणाआड गेले, ढोलाचा आवाज दूर गेला, तरी त्या टाचा थोडा वेळ हलत होत्या.

"जाय ना," रूपाली म्हणाली. तिला स्वतःलाच तो शब्द नवा वाटला.

"गर्दी हाये," तेजू म्हणाली. "पांढरपंख्या गर्दीत जात नाई."

ही अट रूपालीने घातलेली नव्हती. तेजू आता त्या स्वतःच बनवत होती.

*

वेचणी सुरू झाली. कापूस घरात राहायला आला. आधी गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा, मग दार उघडायचं बंद झालं. गोठ्यातून शिडी परत आणावी लागली, कारण गाठोडी वरून टाकायची होती. रविकांत टाकायचा आणि खाली उतरायचा. तुडवायला कोणी नव्हतं, म्हणून कापूस फुगत चालला.

"यंदा तुडवीन कोन?" एका दुपारी कुसुमबाईंनी विचारलं. त्यांनी तेजूकडे पाहिलं नाही, पण प्रश्न तिच्याकडेच गेला.

"मी नाई," तेजू म्हणाली. "पांढरपंख्याले पडाची भीती वाट्टे आता."

कुसुमबाईंनी सुपातली ज्वारी पाखडायला घेतली. जरा वेळाने सुनेला म्हणाल्या, "रूपाली, हे पोट्टं म्हातारं झालं व. माह्या आधी."

रूपाली ओसरीवर आली. तेजूचं नवं पान तिथे पडलं होतं, वाऱ्याने उडू नये म्हणून वर तांब्या ठेवलेला. एकच मोठी चौकट होती. ज्वारीचं वावर. मचाणावर पांढरपंख्या बसला होता, हेल्मेट घालून, पंख दोरीने पाठीशी बांधलेले. आभाळभर पाखरं होती आणि ती त्याच्याकडे बघत होती. खाली जमिनीवर एक बाई उभी होती. दोन्ही हात वर केलेले. कपाळावर मोठी टिकली, रूपाली लावते तशीच.

"हे कोन?" तिने विचारलं.

"ते अटी सांगते," तेजू म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाऊस पडतो, गाय दूध देते, तसं तिने सांगितलं.

रूपाली ते पान हातात धरून उभी राहिली. पान उजेडात आलं तसं पाठीमागचं बोंड अलीकडे उमटलं. ते नेमकं त्या बाईच्या पायांखाली होतं.

तिने पान खाली ठेवलं. वर तांब्या ठेवला. पदर कमरेला खोचला, निऱ्या वर घेतल्या, आणि मधल्या घरात जाऊन शिडीला हात घातला.

"आई, काऊन चढून राह्यली?"

"पाह्याले."

शिडी करकरली. प्रत्येक पायरीवर तिला वाटलं की ही तुटणार. झरोका तिच्यासाठी अरुंद होता. खांदा घासला, बांगड्या खडखडल्या. पलीकडे अंधार होता आणि कापसाचा तो कोमट, सरकीचा वास. तिने फळ्यांवर पाय टेकला. एवढी वर्षं ती खाली शिडी धरून उभी राहिली होती. इथे ती कधी आलीच नव्हती. इथून कसं दिसतं, तिला ठाऊक नव्हतं. खाली नुसतं धूसर पांढरं होतं, किती खोल ते कळत नव्हतं. चांदण्यात ढग वरून पाहिला तर असाच दिसत असेल.

मागे झरोक्यात तेजूचं डोकं आलं होतं. तीही शिडी चढून आली होती. एका हाताने भिंत धरून, पण आली होती.

"आई, तू पडशीन."

"मले दिसून नाई राह्यलं," रूपाली म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "तू पाहून सांग. खाली हाय का?"

तेजूने विचार केला. मग ती झरोक्यातून अलीकडे आली, माळ्यावर पालथी झाली, कोपऱ्यातली लांब काठी घेतली आणि खाली खुपसली. या बाजूला खुपसली, त्या बाजूला खुपसली. काठी हातभर आत गेली, मग आणखी गेली. तिने डॉक्टरांसारखा चेहरा केला होता.

"हाय," ती म्हणाली.

"किती?"

"तू बुडशीन इतका."

रूपालीने डोळे उघडे ठेवले. तिला भैंशाच्या बाभळी आठवल्या. तिने हात जरा बाजूला पसरले, कारण तेजू तसे पसरायची, आणि फळीवरून पाय काढला.

पडायला खरं तर काहीच वेळ लागत नाही. पण रूपालीला तो पुष्कळ मिळाला. झरोक्याचा उजेड वर निघून गेला, पदर कमरेतून सुटून डोक्यावर पसरला, पोटात काहीतरी हलकं झालं आणि तिथेच तरंगत राहिलं. तिला अगदी स्पष्ट कळलं, की हे तिने लेकीला सांगितलं होतं आणि स्वतः कधी पाहिलं नव्हतं. मग चारी बाजूंनी कापूस वर आला.

सगळं शांत झालं. तिच्या नाकात, कानात, केसांत कापूस होता. वर उजेडाच्या पट्ट्यात उडालेले तंतू तरंगत होते, खालीही येत नव्हते, वरही जात नव्हते.

"आई?" वरून आवाज आला. "आई, आला का?"

"आला," रूपाली म्हणाली. मग तोंडातला कापूस काढून पुन्हा म्हणाली, "आला व. लय आला."

वर फळीच्या कडेला दोन पायांची बोटं दिसली. डावा पाय उजव्यापेक्षा किंचित बारीक होता, प्लास्टरमध्ये राहिल्यामुळे. ती बोटं कडेवर दुमडली, पुन्हा मागे गेली, पुन्हा आली. रूपालीच्या ओठांवर पुष्कळ गोष्टी आल्या. हळू, मधोमध, पाय जुळवून, थांब मी उठते. त्या तिने कापसातच राहू दिल्या. ती नुसती एका बाजूला सरकली आणि जागा केली.

"खाली हाय का?" तेजूने विचारलं.

"हाय. तू पाह्य ना."

तेजू वाकून पाहत राहिली. बराच वेळ पाहिलं. रूपालीला वाटलं, आता ती मागे वळेल आणि शिडीने उतरेल, आणि तसं झालं तरी तिला काही म्हणायचं नाही. मग बोटं कडेवरून दिसेनाशी झाली.

धप्प.

कापूस पुन्हा उडाला. दोघींना काही दिसेना. रूपालीचा हात चाचपडत गेला, एक घोटा सापडला, तो तिने वर-खाली दाबून पाहिला. घोटा हसत होता. म्हणजे ज्याचा घोटा होता ते लेकरू हसत होतं आणि ते हसू पायापर्यंत पोचलं होतं.

भिंतीपलीकडून कुसुमबाईंचा आवाज आला, "कोन व आत?"

"आमी कापूस तुडवून राह्यलो, आत्याबाई," रूपाली म्हणाली, आणि आता बाहेर पडायचं कसं, हा प्रश्न तिला तेव्हा पडला, कारण दार तर बंद होतं, माळा डोक्याच्याही वर होता आणि भिंतीतल्या खोबण्या लेकरांच्या पायांपुरत्याच होत्या.

तेजूने तिच्या केसांत अडकलेला कापूस पाहिला, खांद्यांवरचा पाहिला. "हालू नोको," ती म्हणाली. "मले तुहं चित्र काढाचं हाये."

मग दोघी रविकांत रानातून येईपर्यंत तिथेच कापसात पडून राहिल्या.